एका दिवसात साठ-सत्तर हजार प्रवासी: क्रूझ बंदरांचं गणित चालतं कसं?

प्रश्न असा आहे: "डिसेंबरात आई-बाबांना घेऊन मायामीहून सात रात्रींच्या क्रूझवर जातोय. तिथे एका दिवशी सात-आठ मोठी जहाजं लागतात आणि साठ-सत्तर हजार लोकांची ये-जा होते असं वाचलं. एवढी माणसं काही तासांत चढवतात-उतरवतात कशी? आम्हाला रांगेत किती ताटकळावं लागेल? आणि मुंबईत आता नवीन टर्मिनल झालंय, तिथे हे जमेल का?"

फ्लोरिडातल्या टर्मिनलांवर मी बरीच वर्षं किनाऱ्याच्या बाजूचं काम पाहिलं आहे. जहाज धक्क्याला लागल्यापासून सुटेपर्यंत माणसं, बॅगा आणि गाड्या यांचं नियोजन करायचं, असं ते काम. त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी त्या आकड्यातली हवा थोडी काढू. ९ एप्रिल २०२३ ला, ईस्टरच्या रविवारी, मायामी बंदरात एका दिवसात ६७,५९४ प्रवाशांची नोंद झाली. तो तेव्हाचा विक्रम होता. पण बंदरं चढणं वेगळं मोजतात आणि उतरणं वेगळं. तुम्ही आज चढलात की एक आणि आठवड्याने उतरलात की आणखी एक. म्हणजे त्या रविवारी ढोबळमानाने निम्मे लोक सकाळी उतरले आणि निम्मे दुपारी चढले. वर्षाचा आकडाही असाच वाचायचा. सप्टेंबर २०२४ ला संपलेल्या आर्थिक वर्षात मायामीने ८२ लाखांहून जास्त प्रवासी दाखवले, ते प्रत्यक्षात साधारण त्याच्या निम्मे धरा. तरीही तीस-पस्तीस हजार माणसं सकाळी बाहेर काढायची आणि दुपारी तेवढीच आत घ्यायची, तीही एका बेटावर, हे काही खायचं काम नाही.

लोक टर्मिनलच्या इमारतीचे फोटो बघून भारावतात. माझ्या मते बंदराची ताकद हॉलच्या चौरस फुटांत मोजूच नये. माणूस किती वाजता येतो, त्याची बॅग कुठून जाते आणि त्याची गाडी दारात किती मिनिटं उभी राहते, या तीन गोष्टी हातात असतील तर मध्यम आकाराचा हॉलही पुरतो. त्या हातात नसतील तर विमानतळाएवढा हॉल बांधा, तोही तुंबेल.

साधा हिशेब करू. मायामीहून दर शनिवारी सुटणारं 'आयकॉन ऑफ द सीज' घ्या. एका खोलीत दोघे धरले तर ५,६१० प्रवासी आणि सगळे पलंग भरले तर ७,६००. सुट्टीच्या दिवसांत मुलंबाळं असतात, म्हणून सहा हजार धरा. चढण्यासाठी हाताशी वेळ असतो चार तासांचा. म्हणजे तासाला दीड हजार, मिनिटाला पंचवीस माणसं. एका माणसाला काउंटरवर तीन मिनिटं लागली तर पंच्याहत्तर काउंटर अखंड चालू हवेत. एक मिनिट लागलं तर पंचवीस. वीस सेकंदांत काम झालं तर आठ-नऊ पुरतात. तीन मिनिटांची वीस सेकंदं झाली कशी? फॉर्म, फोटो, पासपोर्टची माहिती, कार्डाचा नंबर, आरोग्याची प्रश्नावली हे सगळं प्रवाशाने आधीच घरी बसून फोनवर भरलेलं असतं. बंदरावर उरतं फक्त तोंड बघणं आणि पासपोर्ट पडताळणं.

पण नुसता वेग वाढवून भागत नाही, कारण सगळ्यांना अकरालाच यायचं असतं. जहाजावरचं दुपारचं जेवण भाड्यातच धरलेलं असतं, मग ते कोण सोडणार? म्हणून ऑनलाइन चेक-इन करतानाच अर्ध्या-अर्ध्या तासाची वेळ निवडायला लावतात. अकराच्या जागा भरल्या की पुढची वेळ घ्यावी लागते. एकची वेळ असलेला माणूस साडेअकराला आला तर त्याला हाकलून देत नाहीत, पण बाहेर किंवा वेगळ्या रांगेत थांबवतात. हे जाणीवपूर्वक असतं. आज याला सोडलं तर उद्यापासून वेळ कोणीच पाळणार नाही. आपल्या लोकांना हे पटत नाही, "आता आलोच आहोत तर घ्या की आत" म्हणून हुज्जत घालतात. इथला कर्मचारी हसून "नो सर" म्हणतो आणि तिथेच विषय संपतो.

उशीर करणाऱ्यांचंही तसंच. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजाला प्रवाशांची अंतिम यादी सुटण्याच्या किमान एक तास आधी सरकारकडे पाठवावी लागते. चेक-इन वेळेवर बंद होतं ते यामुळे. यादी गेली की दार बंद, मग तुमचं विमान का उशिरा आलं याला अर्थ उरत नाही.

आता दिवस पहिल्यापासून बघू, कारण खरी मजा पहाटे असते.

जहाज अंधारातच पायलट, म्हणजे बंदराची वाट माहीत असलेला स्थानिक वाटाड्या, घेऊन आत येतं. मायामीत समुद्रातून आत यायची मुख्य वाट एकच आहे, त्यामुळे जहाजं एकामागोमाग एक येतात आणि डॉज आयलंडच्या, म्हणजे बंदर ज्या बेटावर आहे त्याच्या, उत्तर काठाला ओळीने लागतात. धक्का कोणाला कधी, हे दोन-तीन वर्षं आधी ठरलेलं असतं. मोठ्या कंपन्यांनी तिथली टर्मिनलं स्वतः पैसे घालून उभी केलीत, त्यामुळे आपल्या टर्मिनलवर त्यांचा पहिला हक्क असतो. रॉयल कॅरिबियनचं टर्मिनल ए २०१८ साली सुरू झालं. एमएससी या दुसऱ्या क्रूझ कंपनीचं २०२५ साली सुरू झालेलं टर्मिनल एकाच वेळी तीन जहाजं घेतं आणि दिवसाला ३६,००० प्रवाशांसाठी बांधलंय. सध्या जगातलं सर्वांत मोठं क्रूझ टर्मिनल म्हणून त्याचंच नाव घेतात.

बॅगांची गोष्ट मात्र आदल्या रात्रीच सुरू झालेली असते. रात्री दहा-अकरापर्यंत प्रवाशांनी बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या, प्रत्येकीला रंगीत, नंबराचं टॅग. पोरं त्या उचलून खाली लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यांत भरतात. जहाजाच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा एक लांबलचक बोळ असतो, अमेरिकन महामार्गावरून त्याला सगळे 'आय-९५' म्हणतात. रात्रभर पिंजरे त्या बोळात उभे असतात. तिथे पहाटे चार वाजता गेलात तर मराठी आणि कोकणी हमखास कानावर पडते. या जहाजांवर गोव्याचे तारवटी (खलाशी) आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची पोरं पूर्वापार आहेत. त्यांच्यासाठी हा आठवड्यातला सर्वांत वाईट दिवस. झोप नाही, शिवाय काहींचा करार त्याच दिवशी संपतो आणि काहींचा सुरू होतो, म्हणजे हजारो प्रवाशांच्या जोडीला खलाशांचीही अदलाबदल.

कस्टम्सची परवानगी मिळाली की जहाजाच्या कुशीतलं दार उघडतं आणि फोर्कलिफ्ट पिंजरे बाहेर काढायला लागतात. सहा हजार माणसं म्हणजे दहा-बारा हजार बॅगा. त्या तळमजल्याच्या हॉलमध्ये नंबराप्रमाणे ओळीने मांडतात. इथे एक गोष्ट प्रवाशांना माहीत नसते: वर जहाजावर तुमच्या नंबराची घोषणा होते ती तुमच्या नंबराच्या बॅगा खाली मांडून झाल्यावरच. घोषणा आधी झाली तर माणसं खाली येऊन बॅगेशिवाय उभी राहतात, मागून पुढचे येतात आणि दहा मिनिटांत हॉल गच्च. मग मांडणाऱ्यांना फोर्कलिफ्ट घेऊन फिरायला जागा राहत नाही, मांडणी मंदावते आणि गोंधळ स्वतःच वाढत जातो. म्हणून आमच्यातला एक माणूस फक्त हॉलकडे बघत उभा असतो. हातात रेडिओ, आणि त्याने "चालेल" म्हटल्याशिवाय जहाजावरून पुढचा नंबर बोलायचा नाही. वर लोक कॉफी पीत वैतागलेले असतात, "अजून का सोडत नाहीत?" त्यांना वर ठेवणं हाच खालची रांग छोटी ठेवायचा उपाय आहे.

ज्यांना घाई आहे त्यांनी आपल्या बॅगा स्वतः ओढत सर्वांत आधी उतरायचं, अशी मुभा असते. तरुण लोक यात गेले की हॉलवरचा भार चांगलाच हलका होतो. आई-बाबांसोबत आणि चार मोठ्या बॅगांसह हा पर्याय मी सुचवणार नाही.

इमिग्रेशनचं काम मात्र गेल्या काही वर्षांत फारच झपाट्याने होऊ लागलंय. जहाज परतायच्या ९६ तास आधीच सगळ्यांची यादी सरकारकडे गेलेली असते, त्यामुळे अधिकाऱ्यांकडे कोण येणार हे ठाऊक असतं. मायामी, पोर्ट एव्हरग्लेड्स, पोर्ट कॅनॅव्हरल या फ्लोरिडातल्या बंदरांच्या टर्मिनलांवर उतरताना कॅमेऱ्यासमोर क्षणभर थांबायचं, चेहरा सरकारी फोटोशी जुळला की पुढे. पासपोर्ट हातात ठेवा, भारतीय पासपोर्टवाल्यांना कधी कधी अधिकारी बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. घाबरा ते सफरचंदाला. जहाजावरच्या नाश्त्याच्या टेबलावरून उचलून पर्समध्ये टाकलेलं केळं किंवा सफरचंद अमेरिकेत न्यायची परवानगी नाही, आणि बीगल जातीचा छोटासा कुत्रा वास घेत येऊन तुमच्या पायाशी शांतपणे बसतो. तो बसला की अर्धा तास गेला.

सगळे उतरले, तरी लगेच नवे चढत नाहीत. जहाजावरून गेल्या सफरीचा शेवटचा माणूस उतरल्याची नोंद व्हावी लागते, आमच्या भाषेत 'झिरो'. लागोपाठ दोन सफरी करणारे असतात, त्यांनाही तपासणीतून नेऊन पुन्हा आत घेतात. जुनी पंगत उठून पानं काढल्याशिवाय नवी बसत नाही, तसं. खोलीत झोपून राहिलेल्या दोघांपायी तीन हजार लोक खाली थांबलेले मी पाहिलेत. कर्मचारी दारं ठोकत फिरतात, नावाने घोषणा होतात आणि शेवटी कोणीतरी ओले केस घेऊन "सॉरी, सॉरी" करत येतं. त्या पंधरा मिनिटांची भरपाई दिवसभर करावी लागते.

झिरो झाल्यावर बाजू उलटते. ज्या हॉलमधून बॅगा बाहेर गेल्या तिथली उरलीसुरली सामानं बाजूला करून नव्या बॅगांची वाट मोकळी करायची. चढणाऱ्यांच्या बॅगा दारातच पोर्टर घेतात, पिंजऱ्यात टाकतात, क्ष-किरण यंत्रातून जातात आणि जहाजात. यामुळे माणूस मोकळ्या हाताने सुरक्षा तपासणीला येतो. बारा हजार बॅगा माणसांबरोबर वरच्या मजल्यावर गेल्या असत्या तर सरकते जिनेच बंद पडले असते. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, भात शिजवायचा कुकर या वस्तू यंत्रात दिसल्या की ती बॅग वेगळ्या खोलीत जाते आणि तुम्हाला जहाजावर बोलावणं येतं. आपल्या लोकांच्या किटल्या त्या खोलीत रांगेने मांडलेल्या असतात.

याहून मोठा घोटाळा असतो पोर्टरला दिलेल्या बॅगेत पासपोर्ट राहण्याचा. एकदा डोंबिवलीचं एक कुटुंब वर काउंटरवर आलं आणि काकांच्या लक्षात आलं की सहाही पासपोर्ट निळ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत. काकू काही बोलत नव्हत्या, पण नजर पुरेशी होती. आता खाली हजारो बॅगा, त्यात निळ्या शेकडो. शोधायची कशी? काकांना मी बॅगेचं वर्णन विचारलंच नाही. गाडीतून किती वाजता उतरलात एवढंच विचारलं. ते म्हणाले, टॅक्सीच्या पावतीवर ११.४२ आहे. पिंजरे क्रमाने भरतात आणि भरला की त्यावर खडूने वेळ लिहितात. ११.४० ते ११.५५ चे तीन पिंजरे काढायला सांगितले, दुसऱ्यात बॅग मिळाली. पावती नसती तर बॅग जहाजात गेली असती आणि कुटुंब धक्क्यावर राहिलं असतं.

आता रस्ता. यावर मी सगळ्यात जास्त बोलू शकतो, कारण बंदराचा गळा बहुतेकदा तिथेच आवळला जातो आणि त्याचे फोटो कोणी काढत नाही. डॉज आयलंडवर जायला शहराकडून एक पूल आहे आणि ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेला बोगदा. तो बोगदा व्हायच्या आधी कंटेनरचे ट्रक, टॅक्स्या, हॉटेलच्या बसा आणि जहाजाला भाज्या पुरवणाऱ्या गाड्या सगळ्या एकाच पुलावरून, शहराच्या मध्यातून यायच्या. बोगद्याने ट्रक महामार्गाकडे वळवले आणि पूल मोकळा झाला.

टर्मिनलच्या दारातला हिशेब असा: पाच हजार लोक चार तासांत, गाडीत सरासरी अडीच माणसं, म्हणजे दोन हजार गाड्या, तासाला पाचशे. प्रत्येक गाडी दारात चार मिनिटं थांबली तर कोणत्याही क्षणी तेहतीस-चौतीस गाड्या उभ्या असणार. गाडीमागे सात मीटर धरले तर सव्वादोनशे मीटरहून लांब फुटपाथ एका जहाजासाठी हवा. चारची सहा मिनिटं झाली की साडेतीनशे मीटर. तेवढा फुटपाथ नसतोच, मग शेपूट रस्त्यावर जातं आणि शेजारच्या टर्मिनलचं दारही अडतं. म्हणून तिथला पोलीस गाडीतून बॅग उतरली की लगेच "मूव्ह, मूव्ह" ओरडतो. फोटो काढायचा असेल तर आत गेल्यावर काढा. बस आली तर मोठं काम होतं: पन्नास माणसं एकाच जागेत उतरतात. शहाणी बंदरं बसला दाराशी जागा देतात आणि खाजगी गाडीला लांब, मग लोक नाराज झाले तरी चालतील.

एवढं सगळं जहाज जिथून सुरू होतं आणि जिथे संपतं त्या बंदराचं. वाटेतल्या बंदराचं दुखणं अगदी वेगळं. तिथे बॅगा नाहीत, इमिग्रेशन नावापुरतं, पण तीन-चार हजार लोक सकाळी नऊला एकदम उतरतात आणि गावात शिरतात. इथे बंदर तुंबत नाही, गाव तुंबतं.

ग्रीसचं सँटोरिनी घ्या. जहाज खोल पाण्यात बाहेर उभं राहतं आणि स्थानिक लोकांच्या बोटी प्रवाशांना जुन्या बंदरात आणतात. कोकण बोट चालायची तेव्हा आपल्याकडेही अनेक बंदरांत ती बाहेर नांगर टाकायची आणि लोक पडावातून किनारा गाठायचे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. सँटोरिनीत किनाऱ्याला पाय लागल्यावरच खरी अडचण सुरू होते: 'फिरा' नावाचं गाव वर कड्यावर. वर जायला केबल कार, खेचरं किंवा सुमारे सहाशे पायऱ्या. केबल कारची क्षमता तासाला साधारण बाराशे माणसं. बेटाने क्रूझ प्रवाशांची मर्यादा दिवसाला ८,००० ठेवली. भागाकार करा, आठ हजारांना नुसतं वर न्यायला साडेसहा तास. म्हणून बसने सहलीला जाणाऱ्या प्रवाशांना दुसऱ्या बंदरात, अथिनिओसला, उतरवून वर नेतात आणि परतताना केबल कारने खाली आणतात. तरी संध्याकाळी परतीच्या रांगेत दीड-दीड तास जातो. १ जुलै २०२५ पासून ऐन हंगामात सँटोरिनी आणि मिकोनोस इथे उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशामागे २० युरो घेतले जातात. त्याने गर्दी कमी होईल असं मला वाटत नाही, हजारो डॉलर खर्चून आलेला माणूस २० युरोंसाठी जहाजावर बसून राहत नाही. नगरपालिकेला शौचालयं आणि पाणी यांचा खर्च निघाला तरी पुष्कळ.

मर्यादा घालायच्याच तर त्या कशात मोजायच्या, यावर बंदरांची मतं वेगवेगळी आहेत. क्रोएशियातल्या दुब्रोव्निकने क्रूझ कंपन्यांशी बोलून जहाजांची संख्या दिवसाला दोनवर आणली. अलास्कातल्या जुनो गावाने, जिथली वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास आहे, आधी २०२४ पासून दिवसाला पाच मोठी जहाजं ठरवली. पण जहाजं मोजण्यात गोम आहे: कंपनी दोन हजारांचं जहाज काढून चार हजारांचं पाठवते, आणि मर्यादा कागदावर तशीच राहते. म्हणून जुनोने २०२६ पासून पलंग मोजायचं ठरवलं, रविवार ते शुक्रवार १६,००० आणि शनिवारी १२,०००. मला हीच पद्धत योग्य वाटते. बार्सिलोनाने वेगळाच रस्ता धरला, २०३० पर्यंत सातची पाच टर्मिनलं करायची. तिथे निम्म्याहून अधिक प्रवासी सफर सुरू किंवा संपवणारे असतात, ते हॉटेलात राहतात, पैसे खर्च करतात. शहराचा राग आहे तो सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांवर.

आणि हे सगळं घड्याळ बिघडतं ते बहुतेकदा हवामानाने. टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनला हिवाळ्यात धुकं उतरलं की पायलट जहाज आत आणत नाहीत, ते बाहेर तासन्तास उभं राहतं. आतले चार हजार विमानं चुकणार म्हणून हवालदिल, बाहेरचे चार हजार हॉटेलातून निघालेले. अशा वेळी टर्मिनल चांगलं की वाईट हे कळतं एका गोष्टीवरून: चढणाऱ्यांना "अजून निघू नका" हा मेसेज किती लवकर गेला. तो सकाळी सातला गेला तर लोक हॉटेलातच थांबतात. दहाला गेला तर लोक पार्किंगमध्ये आलेले असतात आणि मग पाणी, खुर्च्या, शौचालयं यांची तजवीज करत दिवस जातो.

मुंबईबद्दल विचारलंत. बॅलार्ड पिअरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ ला झालं. सुमारे ४.१५ लाख चौरस फूट, चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर, वर्षाला दहा लाख आणि दिवसाला सुमारे दहा हजार प्रवासी अशी क्षमता सांगितली आहे. वरचा हिशेब लावा: त्यातले निम्मे काउंटर जरी चालू असले आणि माणशी एक मिनिट लागलं, तरी तासाला दोन हजारांवर लोक जातात. म्हणजे काउंटर हा मुंबईचा अडथळा नाही. तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक, भरती-ओहोटी. मायामीत पाण्याची पातळी दिवसभरात मीटरभरही हलत नाही. मुंबईत उधाणाच्या दिवसांत चार मीटरच्या पुढे फरक पडतो. जहाज पाण्याबरोबर वर-खाली होतं, धक्का जागेवर. सकाळी सपाट असलेला गँगवे, म्हणजे धक्क्यावरून जहाजात जायचा पूल, दुपारी इतका उभा होतो की व्हीलचेअर नेता येत नाही, मग तो जहाजाच्या दुसऱ्या डेकला लावावा लागतो. तेवढा वेळ चढणं-उतरणं बंद. चांगलं नियोजन म्हणजे भरतीचं वेळापत्रक बघून ही बदली झिरोच्या मोकळ्या वेळेत बसवणं.

दुसरी गोष्ट तीच, रस्ता. बॅलार्ड इस्टेटच्या इमारती जुन्या, रस्ते आखीव पण मोजके. त्यात आपल्याकडे पाच जण क्रूझला निघाले की सोडायला तीन गाड्या, मावशी, आजी, लहान मुलं, आणि दारात नारळ. गाडी दारात चार मिनिटं नाही, बारा मिनिटं थांबते. याला पोलिसाच्या शिट्टीने उतारा नाही. सीएसएमटी स्टेशन एवढ्या जवळ आहे की तिथून आणि मोठ्या वाहनतळांवरून बस सोडावी, सोडायला आलेल्यांचा निरोप तिथेच उरकावा आणि टर्मिनलच्या दारात फक्त प्रवासी यावेत. यात मुंबईला एक फायदा आहे: मुंबई-गोवा-लक्षद्वीप अशा देशांतर्गत सफरीत इमिग्रेशनचा प्रश्नच नसतो, त्यामुळे वेळेची शिस्त लागली तर दोन हजारांचं जहाज दोन तासांत भरायला हरकत नाही.

आता तुमच्यापुरतं. मायामीत चढताना, दिलेल्या वेळेला आलात तर दारापासून जहाजापर्यंत अर्धा-पाऊण तास धरा, कधी वीस मिनिटांतही होतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलं जास्त, म्हणून थोडा अधिक. चेक-इनची खिडकी उघडेल त्याच दिवशी फोनवर सगळं भरून टाका, सकाळच्या वेळा लगेच जातात. पासपोर्ट, औषधं आणि आई-बाबांचे गरम कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा खोलीपाशी यायला संध्याकाळ होऊ शकते. काळ्या बॅगेला झगझगीत रंगाची रिबन बांधा.

व्हीलचेअरचा विचार नीट करा. मदत हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, ऐनवेळी मागितली तर थांबावं लागतं. चढताना ती सोय छान चालते. उतरताना मात्र समजा दोनशे जणांनी मागितली आणि ढकलणारे पंचवीस आहेत, तर प्रत्येकाला आठ फेऱ्या, एका फेरीला वीस मिनिटं. शेवटच्या माणसाला अडीच तासांहून जास्त लागणार. आई-बाबा सावकाश का होईना पण चारशे-पाचशे मीटर चालू शकत असतील, तर चढताना व्हीलचेअर घ्या आणि उतरताना गर्दी ओसरल्यावर, नऊनंतरच्या नंबराने, लिफ्टने चालत या. चालणं शक्यच नसेल तर आदल्या दिवशी जहाजावरच्या काउंटरवर जाऊन लवकरचा नंबर मागून घ्या.

परतीचं विमान मायामी विमानतळावरून दुपारी १२ च्या आधीचं घेऊ नका, फोर्ट लॉडरडेलहून असेल तर १ च्या आधीचं नको. भारताकडे येणारं लांबचं विमान असेल तर संध्याकाळचंच बघा.